पायाशी काय, डोक्यावर काय

ताई, माझं वय ६१. पुढच्या महिन्यात मुलीकडे निघालेय, एकटी. पहिलं विमान सलग १४ तासांचं, मग तीन तासांचा थांबा आणि पुढे आणखी एक छोटं विमान. इतका लांबचा प्रवास कधी केलेला नाही. बहिणीने लांबलचक यादी पाठवली आहे : गळ्यातली उशी, डोळ्यांची पट्टी, घट्ट मोजे, पॉवर बँक, पाय ठेवायला फुगवायची उशी, आणखी काय काय. अर्धं आणूनही झालं. यजमान म्हणतात, विमानात सगळं मिळतं, एक पर्स घे आणि बस. मला बसल्याजागी झोप लागत नाही, पाय सुजतात. बीपीची आणि थायरॉईडची गोळी चालू आहे. केबिन बॅग दोनदा भरली आणि दोनदा रिकामी केली. नक्की काय न्यावं? आणि एवढा पसारा काढून बसले तर शेजारचा हसेल का?
— एक वाचक

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. शेजारचा हसणार नाही. विमान सुटून दोन-तीन तास झाले, जेवणाचे ट्रे उचलले गेले, दिवे मंद झाले की सगळेच अवतारात असतात. कुणी तोंड उघडं टाकून घोरतंय, कुणी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलंय. तिथे तुमच्या डोळ्यांवरच्या पट्टीकडे बघायला कुणाला सवड नसते. यजमानांचं म्हणणं मात्र अर्धंच खरं आहे. लांबच्या विमानात उशी आणि पांघरूण बहुधा मिळतं, पाणीही मागितलं की मिळतं. पण ती उशी पातळ असते, आणि तुमची गोळी, तुमचा चष्मा तिथे कुणी आणून देणार नाही.

बहिणीच्या यादीतल्या वस्तू बऱ्याचशा ठीक आहेत. तिने एकच गोष्ट लिहिलेली नाही, आणि बॅग दोनदा उपसावी लागली त्याचं कारण मला तरी तेच दिसतं : कुठली वस्तू कुठे असणार. विमानात तुमच्या वाट्याला दोन जागा येतात. एक डोक्यावरचा कप्पा, दुसरी पुढच्या सीटखालची, म्हणजे तुमच्या पायाशी. विमान चढताना, उतरताना आणि मध्येच हादरे बसू लागले की पट्टा बांधून बसावं लागतं, तेव्हा वरचा कप्पा तुमच्या उपयोगाचा नाही. रात्री शेजारचे दोघं झोपलेले असताना उठून, टाचा उंच करून तिथून बॅग काढणं तर कुणालाच जमत नाही. म्हणून सामान भरताना ‘हे न्यायचं का’ एवढंच विचारू नका, ‘हे बसल्याजागी लागेल का’ तेही विचारा. लागणार असेल तर पायाशी. उतरेपर्यंत लागणार नसेल तर वर.

पायाशी ठेवायला चेन असलेली मऊ, पोटात फार खोल नसलेली बॅग घ्या. खोल बॅगेत हवी ती वस्तू नेहमी तळाशी सापडते. त्या बॅगेत एक छोटा पाउच ठेवा आणि बसल्या बसल्या तो समोरच्या खिशात सरकवा : चष्मा, लिप बाम, रुमाल, कानातले बोळे, पुढच्या वेळेची गोळी, पेन. तुमची सीट भिंतीमागच्या पहिल्या रांगेत किंवा आपत्कालीन दाराजवळ आली, तर चढता-उतरताना पायाशी काहीच ठेवू देत नाहीत, सगळं वर जातं. तेव्हा हा पाउचच काय तो कामाला येतो.

आता त्यात काय काय, हे ठरवायला आतली हवा कशी असते ते कळलं तर बरं. विमान बारा हजार मीटरच्या आसपास उडत असलं तरी आतला दाब समुद्रसपाटीसारखा ठेवलेला नसतो. तुम्ही साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर चौदा तास बसला आहात असं धरा. हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ २० टक्क्यांच्याही खाली असते. नाक कोरडं पडणं, डोळे चुरचुरणं, ओठ फुटणं, घसा खरखरणं, सगळं त्यातूनच. त्यामुळे लिप बाम, हातापायाला लावायची क्रीमची छोटी ट्यूब, नाकात मारायचा सलाइनचा स्प्रे आणि डॉक्टर हरकत नाही म्हणाले तर डोळ्यांत घालायचे कृत्रिम अश्रूंचे थेंब, हे चैनीत धरू नका. लेन्स लावत असाल तर विमानात चष्म्यावर राहा. रिकामी पाण्याची बाटली न्या आणि सिक्युरिटी ओलांडल्यावर भरून घ्या. पेल्यापेल्याने पाणी मागत बसण्याचा संकोच वाटून माणसं पाणीच पीत नाहीत, हे मी नेहमी पाहते.

याच कमी दाबामुळे बंद जागेतला वायू पंचवीस-तीस टक्क्यांनी फुगतो. म्हणजे दोन गोष्टी. शाम्पू-लोशनच्या बाटल्या काठोकाठ भरल्या तर झाकणातून गळतात. थोडी जागा सोडा, झाकणाखाली पातळ प्लास्टिकचा तुकडा लावा. आणि पोटातला वायूही तसाच फुगतो. कमरेला करकचून बसणारी नाडी, पट्टा, घट्ट इलॅस्टिक त्या दिवशी नको. सोडावाली पेयंही बेताने.

कपड्यांचं फार सांगत नाही. सुती, सैल आणि एकावर एक घालता-काढता येतील असे. विमान सुटेपर्यंत गरम होतं आणि मधल्या वेळात थंडी वाजते. त्यामुळे एक मोठी शाल किंवा पुढून उघडणारा स्वेटर पायाशीच हवा. शाल पांघरता येते, गुंडाळून कमरेमागे घालता येते, खिडकीकडे डोकं टेकायलाही लागते. मी एकच वस्तू नेऊ शकले असते तर शाल नेली असती.

पायांच्या सुजेबद्दल जरा सविस्तर सांगते. तासन् तास पाय खाली लोंबकळत ठेवून बसलं की पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत आणि रक्त-पाणी खाली साचतं. दोन्ही पाय सारखेच सुजले, दुखत नसले आणि चालल्या-फिरल्यावर उतरले तर सहसा काळजीचं नसतं. मोठी भीती रक्ताच्या गुठळीची. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर हा धोका दुपटीच्या आसपास जातो. दुप्पट म्हटल्यावर छातीत धस्स होतं, पण मुळात तो लहान आहे : त्याच अभ्यासाप्रमाणे साधारण ६,००० माणसांत एक. आधी कधी गुठळी झाली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, कॅन्सरचे किंवा हार्मोनचे उपचार चालू असतील तर तो वाढतो आणि मग तिकिटाआधी डॉक्टर.

घट्ट मोज्यांचं बहिणीचं म्हणणं बरोबर आहे. गुडघ्याखालपर्यंतचे कॉम्प्रेशन मोजे सूजही कमी करतात आणि लक्षणं न दाखवणाऱ्या गुठळ्यांचं प्रमाणही कमी करतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. पण ते पोटरीचं आणि घोट्याचं माप घेऊन घ्यायचे. अंदाजाने आणलेला मोजा गुडघ्याखाली वळकटी होऊन काचतो आणि उलटा त्रास देतो. मधुमेहामुळे पाय बधिर असतील किंवा पायांतल्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर ते घालू नयेत. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. घालायची वेळही महत्त्वाची : घरून निघण्याआधी, पाय सुजायच्या आत. घरी एक-दोन दिवस घालून बघा, पहिल्यांदा चढवताना चांगलीच झटापट होते. कुणी सांगितलं म्हणून ॲस्पिरिनची गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका.

मोज्यांनी निम्मं काम होतं, उरलेलं तुम्हाला करावं लागेल. दर तासाभराने टाचा उचला, चवडे उचला, घोटे फिरवा, मधूनमधून उठून एक फेरी मारा. म्हणून तुम्हाला खिडकीपेक्षा आइल सीट, म्हणजे मधल्या वाटेच्या कडेची जागा, बरी. ती आधीच निवडून ठेवा. उतरल्यानंतर, अगदी पुढच्या काही आठवड्यांतही, एकच पाय सुजून दुखू लागला किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

बूट-चपलांत बंद किंवा पट्टा सैल करता येईल असं काहीतरी. उतरताना पाय निघालेल्या मापाचे राहिलेले नसतात. वर घालायला हलक्या सपाता पायाशीच्या बॅगेत टाका. नुसत्या मोज्यांवर विमानातल्या स्वच्छतागृहात जाऊ नये. तिथल्या जमिनीवर सांडलेलं नेहमी पाणीच असतं असं नाही, एवढंच म्हणते.

आता झोप. बसल्याजागी झोप लागत नाही असं म्हणणारे बहुतेक जण आठ तासांच्या झोपेची वाट बघत बसतात आणि ती आली नाही म्हणून वैतागतात. दोन-दोन तासांचे तुकडे पडले तरी पुष्कळ. गळ्यातली उशी नेमकी याच ठिकाणी फसवते. तिचा जाड भाग मानेमागे आला की डोकं पुढे ढकललं जातं आणि डुलकी लागताच हनुवटी छातीवर. उशी उलटी घालून बघा, जाड भाग हनुवटीखाली. अनेकांना तशी जमते. दुकानात हातात धरून आवडलेली उशी मानेला आवडेलच असं नाही, म्हणून घरी खुर्चीत बसून अर्धा तास घालून पाहा. नाही जमली तर सरळ ठेवून द्या. बऱ्याच विमानांत सीटच्या वरच्या टेकूचे दोन्ही कान आत वळवता येतात, मान त्यात अडकते. कमरेमागे गुंडाळलेली शाल घातली की मानेचंही अर्धं दुखणं जातं.

डोळ्यांची पट्टी न्याच, कुणीतरी हमखास खिडकीची पडदी उघडतो. विमानात आवाज ८० ते ८५ डेसिबलच्या आसपास असतो, सतत आणि एकसुरी, आणि त्याने माणूस नकळत दमतो. फोमचे बोळे वजनाला काहीच नाहीत आणि काम चोख करतात. बोटांत चांगले बारीक वळून कानात घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा, नाहीतर दहा मिनिटांत बाहेर. आवाज कापणारे हेडफोन असतील तर छान. मात्र समोरच्या पडद्याला वायरलेस हेडफोन जोडता येतीलच याचा भरवसा नाही, वायरवाला एक जवळ असू द्या. आणि एक छोटी युक्ती : सीटबेल्ट पांघरुणाच्या वरून बांधा. हादरे बसले की कर्मचारी पट्टे बघत येतात, पट्टा दिसला की तुम्हाला उठवत नाहीत.

कानांना दडे बसतात ते जास्त करून उतरताना. तेव्हा चघळायची गोळी किंवा च्युइंगम तोंडात हवा. झोपेत गिळणं कमी होतं, म्हणून विमान खाली यायला लागलं की जागं राहणं बरं. जबरदस्त सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

औषधांच्या बाबतीत मी हट्टी आहे. सगळी औषधं, मुक्कामाच्या पूर्ण दिवसांची आणि वर आठवडाभराची जास्तीची, केबिन बॅगेत. चेक-इनच्या सुटकेसमध्ये एकही नाही. त्यातली तीन दिवसांची पायाशी. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सोबत चिठ्ठी, आणि तिच्यावर औषधाचं मूळ नाव असू द्या. कंपनीने ठेवलेलं नाव दुसऱ्या देशात कुणी ओळखेलच असं नाही. तुमच्या दोन्ही गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा की घड्याळ इतके तास पुढे-मागे झाल्यावर कधी घ्यायच्या. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी लागते आणि विमानातल्या जेवणाच्या वेळा तुमच्या हातात नसतात. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीला वारंवार जावं लागतं. तुमची तशी असेल तर तिची वेळ विचारून घ्या, पण उठायचा कंटाळा म्हणून गोळी चुकवू नका. ठरलेल्या वेळा कागदावर लिहून पाउचमध्ये घाला. चौदाव्या तासाला आठवणीवर विसंबता येत नाही.

सिक्युरिटीच्या नियमांत सगळ्यांची गडबड होते ती पातळ पदार्थांवरून. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून सुटणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून हा नियम आहे : प्रत्येक बाटली १०० मिलीपर्यंतची आणि सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. बाटली अर्धी रिकामी असून चालत नाही, तिच्यावर छापलेलं माप बघतात. टूथपेस्ट, क्रीम, जॅम, दही हेही त्यातच. लागणारी पातळ औषधं यातून वगळतात, पण ती वेगळी काढून दाखवावी लागतात. काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे नियम सैल झाला आहे. तुम्हाला मध्ये विमान बदलायचं आहे आणि तिथे बहुधा पुन्हा तपासणी होईल, म्हणून वाटेतला सगळ्यात कडक विमानतळ धरून चला. पाण्याची बाटलीही तिथे पुन्हा रिकामी करावी लागेल.

पॉवर बँक चेक-इनमध्ये अजिबात टाकायची नाही, ती केबिनमध्येच. सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची. पॉवर बँकेवर लिहिलेल्या मिलिअँपिअर-तासांना ३.७ ने गुणून हजाराने भागलं की आकडा मिळतो. २०,००० ची असेल तर ७४, म्हणजे चालते. तुम्हाला १०,००० ची पुरेल आणि हलकीही पडेल. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एक प्रवासी विमान उभं असतानाच आत आग लागली आणि संशय पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर त्या देशाने ती वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली आणि पुढे काही विमान कंपन्यांनी ती विमानात वापरायलाच बंदी घातली. तुमच्या कंपनीचा नियम तिकिटाच्या वेळी वाचून घ्या आणि पॉवर बँक पायाशी, नजरेसमोर ठेवा. कधी कधी विमान भरलं की केबिन बॅग दारातच काढून घेतात आणि खाली टाकतात. तेव्हा तिच्यातून पॉवर बँक आणि औषधं काढून घ्यायची, हे डोक्यात पक्कं असू द्या.

वरच्या बॅगेत एक पूर्ण कपड्यांचा जोड आणि आतले कपडे हवेत. दोन विमानांच्या प्रवासात सुटकेस मागे राहून जाणं काही जगावेगळं नाही. पट्ट्यावर सुटकेस आली नाही तर विमानतळ सोडण्याआधीच सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार द्या आणि तिचा क्रमांक घ्या. बोर्डिंग पासवर चिकटवतात ती बारकोडची चिठ्ठी तोपर्यंत फेकू नका. निघण्याआधी सुटकेसचा फोटो काढून ठेवा, रंग सांगताना उपयोग होतो. १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे सामान खराब झालं असेल तर ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळालं असेल तर २१ दिवसांत लेखी दावा करता येतो.

खायला थोडं कोरडं काहीतरी ठेवा, बिस्किटं किंवा सुका मेवा. पथ्याचं जेवण हवं असेल तर ते किमान दोन दिवस आधी कंपनीकडे नोंदवा. ताजी फळं विमानातच संपवा. अनेक देशांत ती घेऊन उतरलं तर दंड होतो. पासपोर्ट, मुलीचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहिलेला आणि पेन, हे अंगावरच्या छोट्या पर्समध्ये. पत्ता फोनमध्ये आहे म्हणाल, पण फोन नेमका अर्ज भरायच्या रांगेत मान टाकतो.

पाय ठेवायची फुगवायची उशी परत करता आली तर करा. बऱ्याच कंपन्या ती वापरू देत नाहीत, कारण अडचणीच्या वेळी रांगेतल्या माणसांना बाहेर पडायला ती आड येते. समोरच्या ट्रेला अडकवायच्या पाळण्याचंही तेच. विमान वर स्थिरावलं की पायाशीच्या मऊ बॅगेवर पाय टेकवले तरी चालतं.

बॅग आदल्या रात्री भरू नका, चार दिवस आधी भरा आणि वजन करा. बऱ्याच कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा ७ किलोंची असते, तुमच्या तिकिटावर कितीची आहे ते पाहा. मग ती भरलेली बॅग एकटीने उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून बघा. विमानातही ती तुम्हालाच चढवायची आहे, कर्मचारी दर वेळी उचलून देतीलच असं नाही. नाही जमली तर आधी दुसरं पुस्तक काढा, मग दुसरा स्वेटर, मग सौंदर्यप्रसाधनांचा डबा. औषधांना आणि कपड्यांच्या जोडाला हात लावायचा नाही.